‘नैसर्गिक’ म्हणून चौदा महिने लावलं, वांग तसंच राहिलं

अबोली_नाशिक
९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. आज कपाटाचा वरचा खण आवरताना अकरा बाटल्या-डब्या निघाल्या. त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि लिहायलाच बसले.

धाकट्याच्या वेळी पाचव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर आपोआप जातं. त्यांचं गेलं होतं. माझं नाही गेलं. अंगावर पाजत होते, त्यामुळे ‘केमिकल’ काही लावायचं नाही हे मीच ठरवलं. बाळाचा गाल दिवसभर माझ्या गालाला लागलेला असतो, तिथे काय लावायचं याची धास्ती वाटणारच. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचला की ती धास्ती कमी व्हायची.

मग सुरू झालं. कुंकुमादी तेल, तीन वेगवेगळ्या ठिकाणचं. कोरफडीचं जेल. रक्तचंदन-मंजिष्ठेचा लेप. गुलाबजल. बटाट्याचा अर्क असलेलं सीरम. ज्येष्ठमधाची क्रीम. हिशेबाची वही ठेवायची सवय आहे म्हणून आकडा सांगता येतो: १४ महिन्यांत ११,४६० रुपये. मी शाळेत शिकवते, ही रक्कम मला लहान नाही.

दर रविवारी सकाळी आठला, स्वयंपाकघराच्या त्याच खिडकीत उभी राहून फोटो काढत होते. साठ फोटो आहेत. पहिला आणि साठावा शेजारी ठेवला तर डाव्या गालावरचा डाग थोडा मोठाच झालेला दिसतो.

पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त लागलं ते दुसरंच. एका विक्रेतीला नऊ महिन्यांनी कळवलं की काहीच फरक नाही. उत्तर आलं, “ताई, तुम्ही सातत्य ठेवलं नसेल. निसर्गाला वेळ द्यावा लागतो.” दोन लहान मुलं, शाळा, पेपर तपासणी, आणि त्यात रोज रात्री साडेदहाला मी ते तेल थेंब मोजून लावत होते. दुसऱ्या एका ठिकाणी, लेपाने चेहरा लाल होऊन आग होते म्हटल्यावर सांगितलं की त्वचेतलं विष बाहेर पडतंय, थांबवू नका. मी थांबवलं नाही. आणखी तीन आठवडे लावलं.

डिसेंबरात शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांचा पहिलाच प्रश्न: “उन्हात किती वेळ असता? सनस्क्रीन कोणतं लावता?” मी सकाळ-दुपार स्कूटरवर असते. चौदा महिन्यांत एकाही विक्रेत्याने मला हे विचारलं नव्हतं.

झाडपाल्याच्या गोष्टी वाईट, असं मला म्हणायचं नाही. उटण्यावर वाढलेली मुलगी आहे मी. पण त्या बाटलीत ती वनस्पती किती आहे आणि ती नेमकं काय करू शकते, हे कुणीच का सांगत नाही? तुमचे अनुभव लिहा. कोणत्याही ब्रँडचं नाव नको, त्यावरून वाद होतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

मृण्मयी७९
९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

“सातत्य ठेवलं नसेल” हे मलाही ऐकवलंय गं. वाचून पोटात तुटलं.

माझी गोष्ट विकतच्या वस्तूची नाही, घरच्या लिंबाची आहे. मध-लिंबू लावलं, अर्ध्या तासाने धुतलं आणि गच्चीवर कुरडया वाळत घालायला गेले. मे महिना. दोन दिवसांनी हनुवटीवर आणि बोटांच्या बेचक्यांत भाजल्यासारखे फोड, आणि ते बसल्यावर काळे पट्टे. जायला पाच महिने लागले. डॉक्टर म्हणाले, लिंबात, विशेषतः सालीत, असे पदार्थ असतात की ते अंगावर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजते. शिवाय लिंबाचा रस त्वचेच्या मानाने फारच आंबट. त्वचेचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचच्या आसपास असतो, लिंबाचा दोन ते अडीच. “आग होतेय म्हणजे काम करतंय” असं मला लहानपणापासून सांगितलेलं.

पिंपळपान
१० फेब्रुवारी, सकाळी ८:०५

अबोलीताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या जागेवर मी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. १९ वर्षं अंबरनाथच्या एमआयडीसीत सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात काम करतोय. आम्ही दुसऱ्यांच्या नावाने माल भरून देतो. एकाच टाकीतला बेस तीन-चार वेगळ्या लेबलांखाली बाहेर पडताना रोज पाहतो.

वनस्पतीचा अर्क आमच्याकडे कॅनमधून येतो, ग्लिसरीन किंवा पाण्यात मिसळलेला. त्यात मूळ वनस्पतीचा अंश थोडाच. हा पातळ अर्क शंभर किलोच्या बॅचला शंभर ग्रॅम घातला, म्हणजे ०.१ टक्का, तरी खोक्यावर मंजिष्ठेच्या मुळांचं चित्र छापता येतं. त्यात बेकायदा काही नाही. प्रमाण छापायचं बंधन सौंदर्यप्रसाधनांना नाही, फक्त घटकांची यादी उतरत्या क्रमाने द्यायची, आणि १ टक्क्याखालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात.

म्हणून एक युक्ती सांगतो. यादीत ‘फिनॉक्सिइथेनॉल’ हे नाव शोधा. ते प्रिझर्व्हेटिव्ह आहे आणि १ टक्क्याहून जास्त घालता येत नाही. त्याच्या पुढे जी नावं आहेत ती सगळी एक टक्का किंवा त्याहून कमी. ज्या केशर-चंदनासाठी तुम्ही पैसे मोजलेत ती बहुतेक वेळा तिथेच सापडतील.

आयुर्वेदिक परवान्यावर विकलेल्या क्रीमवर उलट आकडे असतात, “प्रत्येक १० ग्रॅममध्ये” असं लिहून. पण शेवटची ओळ वाचा: “क्रीम बेस क्यू. एस.” म्हणजे बाकी भरेल तेवढा बेस. त्या बेसमध्ये काय आहे ते कित्येकदा लिहिलेलंच नसतं, आणि गालावर जास्तीत जास्त तेच लागतं.

केशराचं गणित स्वतः करून बघा. बरं केशर ग्रॅमला काहीशे रुपये पडतं. ३० मिलीची बाटली अडीचशेला मिळत असेल, तर त्यातून बाटली, ड्रॉपर, खोकं, वाहतूक आणि दुकानदाराचं कमिशन वजा करा. केशराला काय उरतं?

कोरफडीचंही तसंच. ताज्या गरात पाणीच ९८-९९ टक्के असतं. कारखान्यात येते ती वाळवलेली पूड. एक भाग पूड, १९९ भाग पाणी, की कागदावर कोरफडीचा रस झाला. जेलचा घट्टपणा कार्बोमर नावाच्या घट्ट करणाऱ्या पदार्थाचा. आणि हिरवा रंग? घरी पान चिरून बघा, गर बिनरंगी असतो.

प्रिझर्व्हेटिव्हला मात्र नावं ठेवू नका, ही विनंती. पाणी असलेल्या वस्तूत ते नसेल तर बुरशी आणि जंतू वाढतात, हे मी लॅबमधल्या बशांवर डोळ्यांनी पाहिलंय. पॅराबेन या प्रिझर्व्हेटिव्हची भीती पसरली ती २००४ च्या एका ब्रिटिश अभ्यासानंतर. स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांमध्ये पॅराबेन सापडलं होतं. निरोगी ऊतींशी तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेननेच कर्करोग होतो असं त्या संशोधकांनीही म्हटलं नव्हतं. पण खोक्यांवर ‘पॅराबेनमुक्त’ आलं आणि त्याच्या जागी मिथाइलआयसोथायाझोलिनोनचा वापर वाढला, ज्याने लोकांना खरोखरच पुरळ उठू लागलं. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी करणारा पदार्थ, ठरवलं. त्याच संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेन हे ॲलर्जी न करणारे म्हणून जाहीर केले.

अबोली_नाशिक
१० फेब्रुवारी, दुपारी १:३०

मधल्या सुट्टीत वाचलं आणि घरी आल्या आल्या बाटल्या तपासल्या. अकरापैकी सहांवर फिनॉक्सिइथेनॉल आहे. त्या सहांतल्या पाचांमध्ये, ज्या वनस्पतीचं नाव पुढे मोठ्या अक्षरांत आहे ती त्याच्यानंतर येते. एका कुंकुमादी तेलात पहिलाच घटक खनिज तेल. हे सगळं माझ्याच हातात होतं, छापलेलं होतं, फक्त मला वाचता येत नव्हतं.

अनंतमूळ
१० फेब्रुवारी, सायंकाळी ७:१५

मी सांगलीत वैद्य आहे. धागा वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण यात शास्त्राचं नाव खराब होतंय.

ग्रंथात या आजाराला व्यंग म्हटलं आहे. कुंकुमादी तेलाचा पाठ अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात आहे. केशर, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, लाख, चंदन, तिळाचं तेल, बकरीचं दूध. खनिज तेल त्यात कुठेच नाही. कल्क (वनस्पतींचा वाटलेला गोळा) आणि काढा घालून तेल सिद्ध करायला वेळ लागतो आणि खर्च येतो. बाजारातल्या तेलाने गुण आला नाही म्हणून त्या पाठाने गुण येत नाही, असा निष्कर्ष कृपया काढू नका.

पण मी स्वतःच्या व्यवसायाबद्दलही बोलते. खरं कुंकुमादी वापरूनही माझ्या रुग्णांमध्ये वांग पूर्ण गेल्याची उदाहरणं थोडी आहेत. फिकट होतं, उन्हाळ्यात परत येतं. जे थोडे बरे झाले त्यांनी ऊन टाळलं होतं, गर्भनिरोधक गोळी बदलून घेतली होती, झोप सुधारली होती. नुसत्या तेलावर कुणी बरं झाल्याचं मला आठवत नाही. म्हणून “वांगावरचं तेल कुरिअरने पाठवा” असा फोन आला तर मी पाठवत नाही. चेहरा न बघता औषध देणं माझ्या शास्त्रात बसत नाही.

आणि विष बाहेर पडतंय म्हणून आग सहन करा, हे कोणत्याही वैद्याने सांगू नये. आग झाली, लाली आली की थांबायचं.

मृण्मयी७९
१० फेब्रुवारी, रात्री ९:०२

वैद्यताई, हे इतकं मोकळेपणाने लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर कुठलीही जळजळ झाली की मागे काळा डाग राहतो, हे मला लिंबाच्या वेळी कळलं. म्हणजे अबोली, तो लेप नुसता निरुपयोगी नव्हता. त्यानेच तुझं वांग वाढवलं असणार.

डोंगरवाट
११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

पुरुषांनीही लिहावं म्हणून लिहितो. मनगटावर कोडाचा एक डाग आला, रुपयाएवढा. लाज आणि घाई दोन्ही होती. मोबाइलवर वाचून बावचीचं तेल आणलं आणि सकाळी लावून शेतावर गेलो. संध्याकाळपर्यंत मनगट टरारून सुजलं आणि पाण्याचे फोड. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की बावची कोडावर पूर्वीपासून वापरतात हे खरं, पण ती मोजून, आणि उन्हाची मिनिटं ठरवून. बाटलीवर उन्हाबद्दल एक अक्षर नव्हतं. १०० टक्के शुद्ध एवढंच लिहिलेलं. शुद्ध होतं म्हणूनच एवढं भाजलं.

पिंपळपान
११ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

डोंगरवाट, बावचीच्या बियांत सोरालेन असतं, ते उन्हाने चेततं. म्हणून मात्रा आणि वेळ पाळावीच लागते.

त्याच बीमधून बाकुचिओल निघतं. ते पहिल्यांदा वेगळं केलं १९६६ साली, आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी. पुढे २०१९ मध्ये ४४ जणांवर बारा आठवड्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला ०.५ टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा, दुसऱ्याला ०.५ टक्के रेटिनॉल (सुरकुत्यांवर वापरतात तो अ जीवनसत्त्वाचा प्रकार) एकदा. सुरकुत्या आणि डाग दोन्ही गटांत सारखेच कमी झाले आणि बाकुचिओलने त्वचा कमी सोलली. चाचणी लहान होती, पण तिच्यात पदार्थ शुद्ध केलेला होता, टक्का ठरलेला होता, मुदत ठरलेली होती. नैसर्गिक वस्तूवर असंही काम होतं. मग सीरमवाले “बावचीयुक्त” लिहून टक्का गाळतात तेव्हा मला फार त्रास होतो. ०.०५ टक्के घालून ०.५ टक्क्याच्या चाचणीचा फायदा उपटता येत नाही.

शेवंती_के
११ फेब्रुवारी, दुपारी ३:१०

मी कोल्हापुरात घरी साबण आणि उटणं करते. सहा वर्षं झाली. तुम्हा सर्वांचा राग पटतो, पण सगळ्यांना एकाच दोरीने बांधू नका.

माझं उटणं मुलतानी माती, नागरमोथा, गव्हला कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल, गुलाबपाकळी. दिवाळीत अंग स्वच्छ होतं आणि वास दिवसभर दरवळतो, एवढंच मी सांगते. साबणाबद्दलही स्पष्ट सांगते की कोणताही खरा साबण अल्कधर्मी असतो, पीएच ९-१०, चेहरा कोरडा पडत असेल तर चेहऱ्याला लावू नका. समोरची बाई विचारते, “डाग जातील का?” मी नाही म्हणते. ती शेजारच्या स्टॉलवर जाते, जिथे एकवीस दिवसांची पाटी लावलेली आहे. प्रदर्शनात हे माझ्या डोळ्यांदेखत होतं, दर वेळी. खरं बोलून धंदा चालवणं किती अवघड झालंय हे कुणी विचारत नाही.

आइंडहोवनकर
११ फेब्रुवारी, रात्री ११:५५

आमच्याकडे मुलाला एक्झिमा. भारतातून मावशीने प्रेमाने लॅव्हेंडर आणि टी ट्रीचं ‘बेबी बाम’ पाठवलं, कोपरांच्या आतल्या बाजूला लावलं आणि रात्रभर खाजवून रक्त काढलं पोराने. युरोपात अशा सुगंधी घटकांची नावं लेबलवर वेगळी लिहावी लागतात, लिनालूल, लिमोनीन वगैरे, कारण ते वनस्पतीतून आले तरी ॲलर्जी करतात. आमच्या डॉक्टरांनी बिनवासाचं साधं पेट्रोलियम जेली आणि क्रीम दिलं. दोन आठवड्यांत तो झोपायला लागला. मावशीला अजून सांगितलेलं नाही.

काटेपूर्णा
१२ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

फरक पडला नाही तर निदान नुकसान तेवढ्यावर थांबतं. पण काही क्रीमने आठवड्यात चेहरा उजळतो, त्यांची मला जास्त भीती वाटते. अकोल्याची बातमी आठवतेय का? एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींच्या किडन्यांना सूज आली आणि कारण निघालं गोरेपणाच्या क्रीममधला पारा. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी तर रुग्णांची नोंदच प्रसिद्ध केली. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ दरम्यान किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण, त्यांतल्या १५ जणांत एकच खूण सापडली आणि त्या १५ पैकी १३ जण अशा क्रीम लावत होते. नियमाने चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालता येत नाही, चुकून आला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

दुसरा प्रकार स्टिरॉइडचा. ‘हर्बल’ म्हणून सुट्या डबीत मिळतं, लावलं की पंधरा दिवसांत तुकतुकी, सोडलं की चेहरा लाल, केस आणि पुटकुळ्या. पार्लरमध्ये बिनलेबलची डबी मिळाली तर घेऊ नका बायांनो, हात जोडून सांगते.

रुहीची_आई
१२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

मी इथे फक्त वाचत असते, पहिल्यांदा लिहितेय. माझी मुलगी तेरा वर्षांची. वर्षभरात मानेची मागची बाजू आणि काखा काळ्या पडल्यात, मखमलीसारखं जाडसर. मला वाटलं मळ आहे, नीट घासत नाही. रोज संध्याकाळी डाळीचं पीठ, दही, हळद लावून मी स्वतः घासते. परवा ती रडली, म्हणाली, “आई, मान दुखते, मी घाण नाहीये.” वर लिहिलेलं वाचून विचारावंसं वाटलं. काही चांगलं उटणं आहे का ज्याने हे निघेल?

अनंतमूळ
१२ फेब्रुवारी, रात्री १०:५१

घासणं आजच बंद करा. हा मळ नाही. तुम्ही वर्णन केलंय तसं जाड, मखमली काळेपण शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसेल तेव्हा दिसतं. वजन वाढलं आहे का, पाळी नियमित आहे का, घरात कुणाला मधुमेह आहे का हे बघा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवून साखरेची तपासणी करून घ्या. मी वैद्य असूनही हेच सांगते, आधी रक्त तपासा. कोणत्याही लेपाने हे निघणार नाही. मुलीला जवळ घ्या, तिची काही चूक नाही.

रुहीची_आई
१२ फेब्रुवारी, रात्री ११:०४

माझ्या आईला मधुमेह आहे. उद्याच जाते.

अबोली_नाशिक
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४५

बऱ्याच जणींनी विचारलं की डॉक्टरांनी काय दिलं. माझं माझ्यापुरतं लिहिते, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा.

सनस्क्रीन, आणि तेही किंचित मातकट रंगाचं. वांग अतिनील किरणांनीच नाही, दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं. तो उजेड अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं. गेरूचा लाल रंग ज्याने येतो तेच हे. दोन बोटांवर दोन रेघा भरतील इतकं लावायचं, मी आधी वाटाण्याएवढं लावत होते. रात्री ॲझेलिक ॲसिड. ते गहू-जवातही असतं, पण ट्यूबवर टक्का छापलेला आहे, २० टक्के, आणि पाजत असताना चालतं असं त्यांनी सांगितलं. किती महिने लागतील आणि परत येऊ शकतं, हे पहिल्याच भेटीत सांगितलं. नऊ आठवड्यांनंतर ओठावरचं फिकट झालंय. गालावरचं अजून आहे. पण या वेळी मला माहीत आहे की मी कशाची वाट बघतेय.

“विष बाहेर पडतंय”वाल्या जाहिरातीची तक्रार केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन लागतो, मराठीत बोलता आलं. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ असे पर्यावरणाचे दावे करायचे तर नुसते शब्द चालत नाहीत, पुरावा द्यावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि माझे साठ फोटो जोडलेत.

शेवंतीताई, तुमचं उटणं दिवाळीआधी नक्की मागवणार. डागांसाठी नाही, वासासाठी.

पिंपळपान
१६ फेब्रुवारी, रात्री १०:१०

साठ फोटो! आमच्याकडे माल भरून घेणाऱ्या कित्येकांकडे स्वतःच्या वस्तूचे असे सहा फोटोही नसतात.

रुहीची_आई
१९ फेब्रुवारी, रात्री ८:२०

रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१. डॉक्टर म्हणाल्या, मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर आहे आणि वेळेत आलात. खाण्याचं लिहून दिलंय, रोज एक तास खेळायला सांगितलंय. मानेचा रंग हळूहळू कमी होईल, त्याला हात लावू नका म्हणाल्या.

घरी येऊन मी न्हाणीघरातला पिठाचा डबा काढून स्वयंपाकघरात ठेवला. रुही बघत होती. म्हणाली, “आजपासून नाही?” मी म्हटलं, आजपासून नाही. मग आम्ही दोघी खाली बॅडमिंटन खेळायला गेलो.